माल भरताना गाडी मोडली, तर भुर्दंड कुणाचा?

कळंबोलीच्या पोलाद बाजारात किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर हा वाद ठरलेला असतो. क्रेनने कॉइल जरा दणक्यात टेकवली आणि ट्रेलरचा पत्रा बसला, नाहीतर फोर्कलिफ्टचा दात फाळक्यात घुसला. सुपरवायझर म्हणतो, "गाडी तुमची, तुम्ही बघा." ड्रायव्हर मालकाला फोन लावतो, मालक ट्रान्सपोर्टवाल्याला, आणि तो विचारतो, "इन्शुरन्स आहे ना?" एवढ्या बोलण्यात तीन-चार गैरसमज एकाच दमात उरकले जातात.

पहिला आणि सगळ्यांत चिवट गैरसमज म्हणजे गाडी ज्याची, नुकसान त्याचं. भरपाई कुणी द्यायची हे आरसी बुकवरच्या नावावरून ठरत नाही, निष्काळजीपणा कुणाचा यावरून ठरतं. फोर्कलिफ्ट चालवणारा कारखान्याचा पगारी माणूस असेल, तर त्याने कामावर असताना केलेली चूक कारखान्याच्या माथी येते. तो ठेकेदाराचा असेल तर आधी ठेकेदार. हायड्रा क्रेन भाड्याने आणलेली असेल तर तिचा मालक, पण खाली उभं राहून हाताने इशारे कोण देत होतं तेही पाहिलं जातं. गाडीमालक आणि कारखाना यांच्यामध्ये ट्रान्सपोर्टर असतो, दलाल असतो. "आपला त्यांच्याशी करारच नाही, मागायचं कुठल्या तोंडाने?" असं म्हणून कित्येक मालक गप्प बसतात. पण निष्काळजीपणाची भरपाई मागायला करार लागत नाही.

आता वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी घोषणा. ती हमालीच्या पैशांसाठी असली तरी नुकसानीच्या वादातही कामी येते. १९६९च्या माथाडी कायद्यानुसार मजुरी आणि लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची जबाबदारी नोंदित आस्थापनेची असते. गाडीवाल्याच्या खिशातून वाराई गेली, एवढ्यावरून ते हमाल त्याचे नोकर ठरत नाहीत. मात्र गाडीवाल्यानेच नाक्यावरून माणसं पकडून आणली असतील, तर त्यांनी केलेल्या मोडतोडीचं बिल कारखान्याला कसं लावणार?

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती गाडीच्या तळावरून. तीन टन उचलणाऱ्या डिझेल फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन चार टनांच्या पुढे असतं. ती तीन टनांचं पॅलेट घेऊन डॉकवरून गाडीत शिरते, तेव्हा बहुतेक सगळा भार पुढच्या दोन चाकांवर, म्हणजे तळाच्या जेमतेम दोन वीतभर जागांवर येतो. दहा टन पसरून नेणारी गाडी हा टोचणारा भार सोसेलच असं नाही. फळी धडधाकट असून मोडली, तर गाडी न बघता आत यंत्र घालणाऱ्याचा दोष. फळी आधीच कुजलेली होती आणि मालकाला ते माहीत होतं, तर दोष मालकाचा. ड्रायव्हरने हँडब्रेक लावला नाही, चाकाला ठोकळा दिला नाही आणि गाडी पुढे सरकून फोर्कलिफ्ट मधल्या फटीत कोसळली, तर पारडं पूर्ण उलटतं. पुष्कळदा चूक दोन्हीकडची निघते आणि भरपाईही त्या प्रमाणात वाटली जाते. कारखानेवाले हे मान्य करत नाहीत. खरं सांगायचं तर गाडीवालेही करत नाहीत.

"इन्शुरन्स आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर पॉलिसी वाचल्याशिवाय देऊ नये. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी दमडी मिळत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर बाहेरून बसलेला अपघाती मार त्यात येतो, आणि तो रस्त्यावरच बसला पाहिजे असं नाही, कारखान्याच्या आवारातलाही चालतो. पण मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग ही मंडळी मुळात वगळलेली असतात. जादा हप्ता भरून आयएमटी २३ हे कलम जोडलेलं असेल तरच ती आत येतात. ओव्हरलोडमुळे किंवा गाडीवर ताण येऊन पाटा तुटला, चासी वाकली, तर तेही वगळलेलं. मालाचा जो ट्रान्झिट विमा कारखाना काढतो, तो मालाचा. त्यातून ट्रकचा फाळका दुरुस्त होत नाही.

"त्यांनीच जास्त भरलं, दंड तेच भरतील" हीही भाबडी समजूत. २०१८मध्ये दहा चाकी गाडीची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली. २०१९पासून ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे, म्हणजे पाच टन जास्त निघाले की ३०,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. कायदा गाडी चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाऱ्यालाही पकडतो, पण चलान फाटतं ते काट्यावर उभ्या असलेल्या गाडीचं. वजन माहीत असून गाडी हलवली, तर तुटलेल्या पाट्याचे पैसे मागायला मालकाला तोंड राहत नाही. वजन खोटं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. २००७च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात माल पाठवणाऱ्याने दिलेल्या माहितीची जबाबदारी त्याच्यावरच आहे. ती चुकीची किंवा अपुरी निघाल्यामुळे वाहतूकदाराचं नुकसान झालं, तर ते त्याने भरून द्यायचं. म्हणून काटा पावती जपून ठेवावी.

गाडीचं झालेलं नुकसान ड्रायव्हरच्या पगारातून कापायचं, असा काही मालकांचा खाक्या असतो. वेतनाच्या कायद्यात ड्रायव्हरला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय आणि नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाल्याचं दिसल्याशिवाय अशी कपात बसत नाही.

बिल्टीवर ड्रायव्हरने सही केली की सगळं संपलं, हेही खोटं. ती सही मालाच्या पोचीची आहे, गाडीच्या तब्येतीची नव्हे. मात्र गाडी गेटबाहेर गेली की "हे आधीचंच आहे" म्हणायला समोरचा मोकळा. त्यामुळे गेटपासच्या किंवा डिलिव्हरी चलानाच्या कारखान्याकडच्या प्रतीवर शेरा आणि सुपरवायझरची सही घ्यावी. तो सही करत नसेल तर तिथूनच फोटो आणि दोन ओळी ट्रान्सपोर्टरला व्हॉट्सॲप कराव्यात आणि कारखान्याला सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवायला लेखी कळवावं, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत असतं.

गाडी गॅरेजला पडली म्हणून बुडालेली भाडी विमा कंपनी देत नाही. ती ज्याची चूक त्याच्याकडे मागता येतात, मात्र मागच्या महिन्यांच्या बिल्ट्या दाखवाव्या लागतात. मालकाला न विचारता ड्रायव्हर कधीकधी दोन हजार रुपये घेऊन "आपसात मिटलं" असं लिहून देतो. त्यानंतर कारखान्याकडून वसुली करायचा विमा कंपनीचा हक्क अडचणीत येतो आणि क्लेम नाकारायला तिच्या हाती आयता कागद येतो.