न्याहारीचा हिरवा पेला आणि दारातील वाफा

गेल्या आषाढात आमचा मुक्काम घणसोली गावी एका जुन्या स्नेह्यांच्या घरी पडला. सकाळी न्याहारीस तांदळाची भाकरी आली व तिच्या जोडीस पेल्यात दाट हिरवे पेय आले. सूनबाईंनी सांगितले की, पाला, फळ व दही एकत्र वाटून केलेल्या या पेयास शहरात 'स्मूदी' म्हणतात. स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनी यावर शेरा मारला की, पाला गुरेसुद्धा चावून खातात, पीत नाहीत. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनीत गेला असल्याने दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्याची आम्हांस सवय आहे. सबब पेला रिकामा करून आम्ही चौकशी आरंभिली. तिचे फलित शेतकरी बंधूंपुढे ठेवीत आहो.

घणसोली हे ठाणे तालुक्यातील आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस पारसिकचा डोंगर. खारजमिनीत भात पिके. पावसाच्या तोंडी डोंगरातून शेवळे, टाकळा, भारंगी या भाज्या येत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेताची नोंद सात-बाऱ्यावर होती, तिचा हिशेब निदान मागता आला. बांधावरचा पाला मात्र कोणत्याच दप्तरात नव्हता. तो गेला आणि त्याची भरपाई कोणी मागितली नाही. एके काळी पाला खुडून आणणारे घर आता जुडी विकत आणते.

आमचा पहिला प्रश्न हाच होता, की पाला कोठला? सूनबाईंनी सांगितले की, प्रथम त्या बाजारातून जुडी आणीत. एके दिवशी ती धुतली तेव्हा परातीच्या तळाशी काळा गाळ बसला व उग्र दर्प आला. त्या दिवसापासून त्यांनी गच्चीवर सहा जुन्या टोपल्यांत माती भरून माठ, पालक व पुदिना लाविला. परसात शेवग्याचे झाड होतेच.

त्यांची शंका निराधार म्हणता येत नाही. 'अधिक धान्य पिकवा' या धोरणाखाली रेल्वेने आपल्या नोकरांस रुळांलगतची जमीन लागवडीस दिली होती. मुंबईच्या उपनगरांत अशा पट्ट्यांवर वर्षानुवर्षे नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी पिकविली गेली. नाल्याच्या पाण्यातील जंतू व कृमींची अंडी पानाच्या पृष्ठभागावर राहतात. ती धुण्याने कमी होतात व उकळत्या पाण्याने मरतात. परंतु शिसे, कॅडमियम यांसारखी द्रव्ये मुळांवाटे पानाच्या अंतरंगात शिरतात. ती कितीही धुतली तरी निघत नाहीत. म्हणून पेल्याचा गुण प्रथम पाटाच्या पाण्यात पाहावा, मग यंत्रात.

आता पाल्याचा लाभ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे ज्या संशोधनकार्याचा पाया घातला, तेच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आले. प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी असावी असा त्या संस्थेचा सल्ला आहे. पाल्यात लोह, चुना, कॅरोटीन व चोथा असतो. परंतु पाल्यातील लोह शरीरास सहज लागू पडत नाही. लिंबू वा आवळा जोडीस असता ते अधिक शोषले जाते, आणि लगेच चहा घेतल्यास कमी. कॅरोटीनास थोडा स्निग्धांश लागतो. म्हणून पुढील कृतीतील कोणतीही वस्तू हौसेखातर नाही.

दोघांपुरती कृती येणेप्रमाणे: शेवग्याचा कोवळा पाला एक मूठ व माठ किंवा पालक एक मूठ, तीन-चार पाण्यांत धुऊन उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवावा व ते पाणी टाकून द्यावे. पाला निवल्यावर त्यात एक पिकलेले केळे, अर्धी काकडी, पुदिन्याची आठ-दहा पाने, आल्याचा लहान तुकडा, एक चमचा खवलेले खोबरे, वाटीभर दही व चिमूटभर मीठ घालून बारीक वाटावे. शेवटी अर्धे लिंबू पिळावे. गाळू नये, कारण चोथा हाच त्यातील मोठा लाभ. साखर घालू नये. केल्याबरोबर प्यावे, दुपारपर्यंत ठेवू नये. पाट्यावर वाटूनही हे उत्तम होते.

पालक व माठ यांत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असते. उकळत्या पाण्याने त्याचा काही भाग निघून जातो व दह्यातील चुन्यामुळे उरलेले आतड्यात बांधले जाते. तरीही ज्यांस मूतखडा वा मूत्रपिंडाचा विकार आहे, अथवा जे रक्त पातळ करणारे औषध घेतात, त्यांनी वैद्यास विचारल्याखेरीज हे पेय सुरू करू नये. मधुमेह्यांनी केळे अर्धेच घ्यावे. अळू व शेवळे कधीही कच्ची वाटू नयेत; घशास भयंकर खाज सुटते.

सर्वांत मोठा इशारा दुधी भोपळ्याविषयी आहे. पुष्कळ लोक त्याचा कच्चा रस यात मिसळतात. कडू दुधीच्या रसाने मृत्यू घडले आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस मुळीच न पिण्याविषयी बजाविले आहे. दुधी वा काकडी, आधी फोड चाखावी. कडू लागताच टाकून द्यावी.

एवढ्यावर लेख संपविता आला असता, परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या पाहण्यात असे शेतकरी आले आहेत की ज्यांचा घरचा वाफा निराळा व बाजाराचा निराळा. घरच्या वाफ्यावर फवारा नाही; बाजारच्या वाफ्यावर आज फवारा व उद्या कापणी. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस थांबावे हे छापलेले असते. शिजविलेल्या भाजीपेक्षा अर्धकच्च्या पेयात ही चूक अधिक अंगास येते. घणसोलीच्या त्या सूनबाईंच्या सासरची शेती गेली, ती त्यांच्या हातची गोष्ट नव्हती. आपली आहे. तेव्हा जो पाला आपल्या नातवाच्या पेल्यात घालावयास धजत नाही, तो परक्याच्या नातवासाठी गाडीत चढवू नये.

दहा फूट लांब व चार फूट रुंद एवढा वाफा एका घरास पुरतो. त्याचे चार भाग करून दर आठवड्यास एका भागात माठ वा पालक पेरावा. महिन्याच्या सुमारास पहिला भाग कापणीस येतो व पुढे खंड पडत नाही. पावसाच्या आरंभी शेवग्याची जाड फांदी परसात रोवावी व पुढे शेंडा छाटून झाड हाताच्या उंचीवर ठेवावे. पाणी विहिरीचे वा नळाचे द्यावे.

असो. मातोश्रींचे म्हणणेही आम्हांस अर्धे मान्य आहे. चावून खाल्लेल्या भाजीची बरोबरी पेला करीत नाही, आणि भाकरीची जागा तर मुळीच घेत नाही. परंतु ज्या घरात मुले भाजीस नाक मुरडतात, तेथे दारच्या वाफ्यातील दोन मुठी पाला या वाटेने पोटात जात असेल, तर आम्ही त्यास हरकत घेत नाही.