तीन हजारांतली एक लाट



आपल्या सोलापूरला समुद्र नाही, म्हणून त्याचं अप्रूप जास्त. सुट्टी लागली की गाडी ठरते आणि आपण निघतो गणपतीपुळ्याला, नाहीतर अलिबागला. बातम्यांत ऐकलेलं असतं, 'लाटांची उंची तीन मीटरपर्यंत.' या तीन मीटरचा अर्थ आज समजून घेऊ.

हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था इशाऱ्यात जी उंची देते, ती सगळ्यात मोठ्या लाटेची नसते. लाटा उंचीप्रमाणे ओळीनं लावल्या, तर वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे काही लाटा तिच्याहून उंच असणारच. साध्या गणितानं खुल्या समुद्रात सुमारे ३,००० लाटांत एक दुप्पट उंच निघते. दहा सेकंदांना एक लाट धरली, तर आठ तास वीस मिनिटांत तेवढ्या लाटा येऊन जातात.

दुप्पटीहून उंच लाट म्हणजे राक्षसी लाट. खलाशी तिच्या गोष्टी सांगत, पण पुष्कळांना त्या थापा वाटत. १ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेजवळ भर समुद्रातल्या ड्रॉपनर या गॅसच्या फलाटावरच्या यंत्रानं ती मोजली. भोवतालच्या मोठ्या लाटा बारा मीटरच्या आणि ही एकटी जवळपास २६ मीटर, आठमजली इमारतीएवढी!

ती येते कुठून? कधी अनेक लाटांचे माथे योगायोगानं एकाच जागी जुळतात. तिथं साधी बेरीज चालते. दुसरी तऱ्हा आपल्या भिशीसारखी. भिशीत सगळ्यांचे पैसे एकीच्या हाती येतात, तशी एक लाट शेजारणींची शक्ती स्वतःकडे ओढते. ती फुगते, बाकीच्या बसतात, आणि थोड्या वेळानं सगळं पुन्हा सारखं होतं. इथं बेरीज पुरत नाही. याला अरेषीय गणित म्हणतात. १९८३ मध्ये हॉवेल पेरेग्रिन या ब्रिटिश गणितज्ञानं अशा समीकरणाचं एक उत्तर मांडलं. एकसारख्या लाटांतून एक तिप्पट उंच होते आणि मागमूस न ठेवता विरते. २०११ मध्ये जर्मनीत हँबुर्गला पाण्याच्या टाकीत ती प्रत्यक्ष उठवून दाखवली.

पण भिशीची चिठ्ठी कुणाची निघणार, हे आधी कळतं का? तसंच इथंही. गणित शक्यता सांगतं. नेमकी कोणती लाट, ते सांगत नाही.

जुलै २०२३ मध्ये मुंबईत वांद्र्याला खडकावर बसलेल्या एका महिलेला लाटेनं ओढून नेलं. जीव जायला राक्षसी लाटच लागते असं नाही. शेजारणींहून थोडी मोठी असली तरी पुरते.

म्हणून इशारा असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात खडकांवर जाऊ नका. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करू नका, पोरांचा हात सोडू नका. आणि 'दहा मिनिटं बघितलं, इथवर पाणी येत नाही,' असं कुणी म्हणालं, तर सांगा, दहा मिनिटांत साठच लाटा झाल्या. पायाखालचा खडक ओला आहे का, ते बघा. ओला असेल, तर एक लाट तिथवर येऊन गेलेली असू शकते.