सुट्या पैशांतील जुने नाणे : लाखांचे आमिष आणि खरे मोल

मुंबई : वाण्याने परत केलेल्या सुट्या पैशांत वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले नाणे निघाले की 'हे लाखोंना जाते' असे सांगणारा कुणीतरी घरात असतोच. समाजमाध्यमांवर तर असे भाव बिनदिक्कत जाहीर केले जातात. वस्तुतः २०१२ हे वर्ष असलेली ही पाच व दहा रुपयांची नाणी श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढण्यात आली आणि रीतसर चलनात आली. त्यांचे कायदेशीर मूल्य नाण्यावर लिहिले आहे तेवढेच आहे. एखादा संग्राहक त्याहून थोडे अधिक देईल, लाख नव्हे.

या अफवेतून नाण्याच्या मालकाला पैसे मिळत नाहीत. उलट त्याच्याकडूनच ते काढले जातात. 'खरेदीदार' दूरध्वनीवर मोठी रक्कम कबूल करतो, मग नोंदणी शुल्क मागतो. ते भरले की कर, त्यानंतर दलाली, आणि प्रत्येक हप्त्यागणिक ठरलेली रक्कम खात्यात जमा होण्याच्या बेतात असते. विश्वास बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेली पत्रेही पाठविली जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतःच खुलासा केला : जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा व्यवहार बाजारात एरवी कुठे होतो, एवढा प्रश्न विचारला तरी पुरे.

मग नाण्याला मोल येते कशाने? केवळ वयाने नव्हे. १९४७ चा, मागे वाघाचे चित्र असलेला निकेलचा रुपया अनेकांनी स्वातंत्र्याच्या वर्षाची आठवण म्हणून जपला आहे. पण तो मोठ्या संख्येने पाडला गेला होता, त्यामुळे सहज मिळतो. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया फारच थोड्या संख्येने उरला आणि संग्राहक त्यासाठी भरघोस रक्कम मोजतात. साहजिकच त्याच्या बनावट प्रतीही फिरतात. दोन नाण्यांत अंतर आठ वर्षांचे, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचे. किती नाणी पाडली गेली, त्यांतील किती उरली आणि ती हवी असणारे किती, यावर हा हिशेब ठरतो.

चांदीच्या जुन्या रुपयांना धातूचा आधार असतो. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. म्हणून लक्ष्मीपूजनात मांडला जाणारा राणीछाप रुपया दुर्मीळ नसला तरी त्यात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी आहेच. हे नाणे आज सुट्या पैशांत येणार नाही, आजीच्या डब्यात सापडेल.

खिशातल्या नाण्यांत पाहण्यासारखे असते ते वर्षाखालचे चिन्ह. चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. चिन्हच नसेल तर कोलकाता. मागणी पुरी होईना तेव्हा सरकारने परदेशांतूनही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या काही रुपयांखाली 'एच' हे इंग्रजी अक्षर आढळते, ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. एकाच वर्षाची नाणी एका टांकसाळीतून भरपूर आणि दुसरीतून तुरळक निघाली असतील, तर फरक या इवल्या चिन्हाने पडतो. छाप सरकलेली किंवा चुकीच्या चकतीवर उमटलेली नाणीही संग्राहक शोधतात; मात्र झिजलेले वा ठोकून वाकवलेले नाणे म्हणजे टांकसाळीची चूक नव्हे.

पाच रुपयांचे जाड, नऊ ग्रॅमचे तांबे-निकेलचे नाणे अनेकांना आठवत असेल. त्यातील धातूची किंमत दर्शनी मूल्याच्या वर गेली आणि ही नाणी वितळविण्यासाठी चोरट्या मार्गाने बांगलादेशात जात असल्याची वृत्ते आली. २००७ पासून सहा ग्रॅमचे पोलादी नाणे आले. नाणी वितळविणे किंवा नष्ट करणे हा २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे.

बरेचसे 'वेगळे' वाटणारे नाणे साधे चलनच असते. दहा रुपयांच्या नाण्याचे १४ नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे खोटेही नाही आणि दुर्मीळही नाही. अधेली, म्हणजे ५० पैशांचे नाणे, दुकानदार नाकारत असला तरी कायद्याने चालते. पावली आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बाद झाली. गेंड्याचे चित्र असलेल्या पावलीला आज बँकेत मोल नाही, आणि ती इतक्या घरांत पडून आहे की बाजारातही फारसे नाही.

संशयास्पद नाणे सापडल्यास ते चिंचेने किंवा राखेने घासू नये. काळपट थर गेला की चकाकी येते, पण जाणकार ते लगेच ओळखतो आणि किंमत उतरते. कडांना धरावे, कागदाच्या पाकिटात ठेवावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. विक्रेत्याने मागितलेली किंमत नव्हे, तर लिलावात तसे नाणे प्रत्यक्षात कितीला गेले ते पाहावे. शंभर वर्षे वा त्याहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि ती परदेशी पाठविता येत नाहीत. जमिनीत गाडलेले धन सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पैसे भरून फसवणूक झाली असेल, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते.