टर्बोचा सांडवा

धरण बांधताना भिंतीइतकाच सांडव्याचाही विचार होतो. पाणी किती अडवायचं हे ठरतं, तेव्हाच जादा पाणी कुठून सोडायचं हेही ठरतं. मोटारीच्या टर्बोचार्जरचंही तसंच आहे.

सिलिंडरमधून बाहेर पडणारा तप्त धूर टर्बाइन फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा वाढली की जास्त इंधन जाळता येतं, त्यातून धूर वाढतो आणि टर्बाइनला आणखी वेग येतो. हे चक्र मोकळं सोडलं, तर दाब चढतच राहील. शिवाय दाबलेली हवा तापते. मग पेट्रोल इंजिनात ठिणगीची ज्वाळा पोहोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेर नुसती टकटक ऐकू येते, आत मात्र पिस्टन फुटू शकतो.

स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी टर्बोच्या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं. अमेरिकेत १९६२ मध्ये आलेल्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मेथॅनॉल यांचं मिश्रण फवारलं जाई. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची होती.

स्वीडनच्या साब कंपनीत पेर गिलब्रांड यांनी भर दिला तो नियंत्रणावर. १९७७ साली दाखवलेल्या साब ९९ टर्बोमध्ये वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा सांडवा होता. हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला, की तो झडप हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची स्प्रिंग दाबतो, झडप उघडते आणि जादा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. पण नॉकिंग पेट्रोलच्या प्रतीवरही अवलंबून असतं आणि स्प्रिंगला ती प्रत कळत नाही. म्हणून १९८२ मध्ये ‘एपीसी’ ही प्रणाली आली. इंजिनावर बसवलेला सेन्सर नॉकिंगची थरथर टिपतो आणि विजेवर चालणारी सोलेनॉइड झडप त्यानुसार दाब कमीजास्त करते. इंजिनाचं ऐकून दाब ठरू लागला.

आजही बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ठरवण्याची योग्य रीत याच विचारावर उभी आहे. आधी सोलेनॉइड बंद ठेवून फक्त स्प्रिंगवर किती दाब मिळतो ते मोजायचं. हा झाला पाया. नेहमीच्या जोडणीत सोलेनॉइड ॲक्च्युएटरकडे जाणारा दाब थोडा सोडून देतं, त्यामुळे वेस्टगेट उशिरा उघडतं आणि बूस्ट वाढतो. म्हणजे बूस्ट पायाच्या वर नेता येतो, खाली आणता येत नाही. सोलेनॉइडची वीज गेली, तर दाब स्प्रिंगच्या मर्यादेवर परततो. पण ॲक्च्युएटरची नळी निसटली, तर झडप उघडतच नाही आणि दाब बेलगाम वाढतो. म्हणून नळ्या आणि क्लिपा आधी तपासायच्या.

पुढे सोलेनॉइड चालू राहण्याचं प्रमाण थोडंथोडं वाढवत दर टप्प्याला दाब, हवा-इंधनाचं प्रमाण आणि नॉकिंग यांची नोंद पाहायची. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर उसळून मग स्थिरावत असेल, तर ती उसळी आधी काढायची. दाबाची आपोआप दुरुस्ती करणारं नियंत्रण त्यानंतर जोडायचं.

गाडीचा पिकअप वाढवून देणाऱ्याला म्हणूनच दोन गोष्टी जरूर विचारा: स्प्रिंगवरचा दाब किती मोजला आणि नॉकिंगची नोंद कुठे आहे? दोन्ही दाखवता येत नसतील, तर त्याच्या हाती इंजिन देऊ नका.