गोंगाटांतील गणित

आरंभींच एक कबुली देऊन टाकतों. आज ज्या संगीताविषयीं मी बोलणार आहें, त्याला मीं आयुष्यभर संगीत म्हटलेलें नाहीं. लोणावळ्यास माझें घर रस्त्यालगत आहे. पावसाळ्यांत दर रविवारीं भुशी धरणाकडे जाणाऱ्या मोटारींची रांग खालून सरकते आणि त्यांतून जे दणके बाहेर पडतात त्यांनीं खिडक्यांच्या कांचा थरथरतात. ‘मेटल’ हा शब्द कानीं पडला कीं मला तेवढेंच आठवे. मी मॅट्रिक झालेला, अध्यापनाची पदविका घेऊन मावळांतील शाळांतून मराठी आणि गणित शिकविलेला मास्तर. माझें संगीताचें ज्ञान तबल्याच्या दोन प्राथमिक परीक्षा आणि भजनी मंडळांतला ठेका एवढ्यापुरतें. तेव्हां आज मी अधिकारवाणीनें बोलत नसून, पराभूत पक्षाच्या वतीनें बोलत आहें असें समजावें.

गेल्या आषाढांत माझा नातू पुण्याहून चार दिवस राहावयास आला. बाहेर संततधार, खंडाळ्याच्या बाजूला धुक्याची भिंत, आणि विजेचें येणें-जाणें तिच्या मर्जीवर. घराबाहेर पडणें अशक्य. “आजोबा, शिव्या मागाहून द्या, आधीं ऐका तर,” असें म्हणून त्यानें मजपुढें प्रथम ठेविला तो ‘दशावतार’ नांवाचा अल्बम. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या वाद्यवृंदानें तो २०१७ सालीं काढला आणि त्याचा विषय नांवाप्रमाणेंच विष्णूचे अवतार. गायक पुष्कळ ठिकाणीं गात नाहीं, गुरगुरतो. मत्स्यावताराला मीं हंसलों. नरसिंहापाशीं आल्यावर मात्र हंसूं आलें नाहीं. खांब फोडून जो अर्धा सिंह बाहेर पडला, त्याला गोड गळा कोण देईल? कोंकणांतील दशावतारी खेळांतही असुर रंगभूमीवर येतो तो झांजांच्या कल्लोळांत, आरोळी ठोकीत. भरतमुनींनीं सांगितलेल्या आठ रसांत रौद्र आहे, भयानक आहे. आपल्या मैफलींनीं शृंगार, करुण यांना दिवाणखान्यांत बसविलें आणि रौद्राला ओसरीवर ठेविलें, एवढें मला त्या संध्याकाळीं मान्य करावें लागलें. परंतु माझें मन वळलें असें म्हणवत नाहीं. आवाज प्रसंगाला शोभला, इतकेंच.

या संगीताचा जन्म इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांतला. टोनी आयोमी हा तरुण तेथें पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें गेलीं. आणि तो डावरा असल्यामुळें गिटारच्या तारा दाबावयाचीं बोटें तींच. त्यानें प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणें केलीं, तारा हलक्या लावल्या, पुढें त्या उतरवून सैल केल्या. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या मंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली आणि तिच्या त्या जड, काळोख्या नादांतून हा सारा पंथ वाढला. लोखंडाच्या घणाखालीं वाढलेल्या पोरांचें संगीत मंजुळ कां नाहीं, हा प्रश्न मग विचारावासा वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट त्या खरखरीची. विजेच्या गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला त्याच्या कुवतीबाहेर ताणलें कीं ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटणींतून मूळ ध्वनींत नसलेले वरचे स्वर निर्माण होऊन आवाज दाट व कर्कश बनतो. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी लावतों ती वरचे स्वर फुलविण्यासाठींच. एकीची चव गोड, दुसरीची तिखट. भूक मात्र दोघींची सारखी, दाट नादाची.

तिसऱ्या संध्याकाळीं लावला तो ‘लॅटरलस’. अमेरिकेंत लॉस एंजलिस येथें जमलेल्या ‘टूल’ या चौघांच्या संचानें तो २००१ सालीं प्रसिद्ध केला. या शाखेला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. म्हणजे गाणीं लांब, आणि ताल एका जागीं न बसणारे. मी अडकित्त्यानें सुपारी कातरीत बसलों होतों, कान अर्धवट तिकडे. अल्बमाच्याच नांवाचें गाणें लागलें, नऊ मिनिटांहून अधिक लांबीचें. हाताला ठेका धरण्याची जुनी खोड. परंतु ठेका बसेना. केरवा लावला, सुटला. दादरा लावला, सुटला. मग सुपारी खालीं ठेवून बोटांच्या पेरांवर नीट मोजावयास लागलों, आणि तिसऱ्या खेपेस उलगडलें: पहिल्या फेरींत नऊ मात्रा, दुसरींत आठ, तिसरींत सात.

नऊ, आठ आणि सात मिळून चोवीस. आणि आठ-आठांच्या तीन साध्या फेऱ्यांच्याही चोवीसच! पहिल्या फेरीनें एक मात्रा उसनी घेतली, तिसरीनें ती फेडली, आणि हिशेब चोख होऊन चौघे समेवर आले. मी मोठ्यानें “वाहवा” म्हणालों. स्वयंपाकघरांतून आमच्या मंडळींनीं डोकावून पाहिलें. पाश्चात्त्य रसिकांना हें अवघड वाटतें, कारण त्यांचा कान बहुधा चारांवर पोसलेला. आपल्याकडे सात मात्रांचा रूपक, दहांचा झपताल, चौदांचा धमार. ज्या दाराबाहेर मीं इतकीं वर्षें नाक मुरडलें, त्याच्या आंत माझ्याच घरचीं माणसें बसलेलीं निघालीं.

याच गाण्याच्या शब्दांतही एक रचना आहे. चरणांतील अक्षरें मोजलीं तर एक, एक, दोन, तीन, पांच, आठ अशीं चढतात, मग पांच, तीन अशीं उतरतात, आणि पुढें एकदां तेरांपर्यंत जातात. युरोपांत ही श्रेणी इटालियन गणिती फिबोनाची याच्या नांवावर आहे. त्याचा ग्रंथ १२०२ चा. परंतु आपल्या छंदःशास्त्रकारांना ती आधींच ठाऊक होती. विरहांक शेंकडों वर्षें अगोदरचा, आणि गुजराथेंतील आचार्य हेमचंद्र बाराव्या शतकांतला. प्रश्न असा: लघु अक्षराची मात्रा एक, गुरूच्या दोन; तर इतक्या मात्रांचा चरण किती रीतींनीं भरेल? एक मात्रा एकाच रीतीनें भरते. दोन मात्रा दोन रीतींनीं: दोन लघु, किंवा एक गुरु. तीन मात्रा तीन रीतींनीं, चार मात्रा पांच, पांच मात्रा आठ. कारण चरणाचें शेवटचें अक्षर लघु असेल तर त्यामागें एक मात्रा कमी असलेल्या साऱ्या रचना बसतात, गुरु असेल तर दोन मात्रा कमी असलेल्या. म्हणून मागल्या दोन संख्यांची बेरीज तीच पुढची संख्या. गाण्यांत मोजलीं आहेत तीं अक्षरें, हेमचंद्रानें मोजल्या त्या रचना. हा भेद विसरूं नये. तरी वृत्तें शिकविण्यांत आणि बेरजा तपासण्यांत हयात घालविलेल्या माणसाला त्या रात्रीं झोंप लवकर लागली नाहीं.

झोंप न लागण्याचें दुसरेंही कारण होतें. १९९६ च्या सुमारास सातवीच्या वर्गांत एक मुलगा बाकावर बोटें आपटीत बसे. एकदां मीं दरडावून विचारलें, काय चाललें आहे? तो म्हणाला, “गुरुजी, सात मोजतोय.” वर्ग हंसला. मीं त्याच्या बोटांवर पट्टी मारली आणि दप्तरांतून निघालेली त्याच्या थोरल्या भावाची कॅसेट टेबलाच्या खणांत टाकली. ती परत केली नाहीं. कोणाची होती तें नांवही वाचलें नाहीं. तो मुलगा आतां चाळिशींत असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें तर त्याला कळावें कीं, रूपकाच्याही मात्रा सातच.

पाऊस थोडा उघडल्यावर नातवास घेऊन लोकलनें मळवलीला उतरलों आणि भाज्याच्या लेण्यांत गेलों. तेथील एका विहाराच्या ओसरीवर, इसवी सनापूर्वींच्या काळांतील कोरीव कामांत, एक स्त्री हातांनीं चर्मवाद्य वाजवीत आहे आणि शेजारीं दुसरी नाचत आहे. तिच्या पुढ्यांतलें वाद्य म्हणजे तबलाच, असें कित्येक उत्साहानें सांगतात. मला ती उडी मोठी वाटते. नातवानें मला तेथेंच सांगितलें कीं, ‘टूल’चा वादक डॅनी कॅरी आलोक दत्त यांच्यापाशीं तबला शिकलेला आहे, आणि २००० सालच्या एका मुद्रणांत दत्त यांनीं या मंडळींबरोबर तबला वाजविलाही आहे. मीं त्याला तेथेंच पायरीवर बसवून झपताल घालून दिला: दोन, तीन, दोन, तीन. त्यानें चार आवर्तनांत उचलला.

ज्यांना हा अल्बम ऐकावयाचा असेल त्यांनीं आरंभ ‘स्किझम’ या गाण्यापासून करावा. त्यांत पांच आणि सात मिळून बारा मात्रा आहेत. एकतालाची संवय असलेल्यांना ती बेरीज जड जाणार नाहीं. सारा अल्बम एका बैठकींत ऐकूं नये. तो सवा तासाहून मोठा आहे, आणि शेवटचा तुकडा मला अद्यापही निव्वळ गोंगाटच वाटतो. हेडफोन लावून, आवाज बेताचा ठेवून ऐकावें. मधल्या एका गाण्यांत समेची जागा माझ्या हातून अजून निसटते. नातू म्हणतो मी एक मात्रा अधिक मोजतों. मी म्हणतों तो एक गाळतो. दिवाळींत तो यावयाचा आहे, तेव्हां पुन्हां मोजूं.