लहान मुलांमधील रेंगाळणारा मंद ताप

लहान मुलांमधील रेंगाळणारा मंद ताप म्हणजे साधारणतः एक ते तीन वर्षे वयाच्या मुलाच्या शरीराचे तापमान सलग काही दिवस नेहमीपेक्षा थोडे अधिक राहणे. महाराष्ट्राच्या बोलीत अशा तापाला 'बारीक ताप', 'कणकण' किंवा 'अंगात कसर असणे' असे म्हणतात. आयुर्वेदात दीर्घकाळ टिकून राहिलेल्या ज्वराला 'जीर्णज्वर' ही संज्ञा आहे. बहुतेक वेळा असा ताप साध्या विषाणुसंसर्गामुळे येतो व आपोआप उतरतो. तथापि मूत्रमार्गाचा संसर्ग, विषमज्वर, हिवताप किंवा क्षयरोग यांचेही ते पहिले लक्षण असू शकते. म्हणून मुलाला डॉक्टरांकडे केव्हा न्यावे हे ठरवताना तापमापीवरील आकड्यापेक्षा मुलाचे वय, तापाचे दिवस आणि मुलाची एकंदर स्थिती या तीन बाबींना अधिक महत्त्व दिले जाते.

स्वरूप आणि मोजमाप

काखेत मोजलेले तापमान ३७.५ अंश सेल्सियस (९९.५ अंश फॅरनहाइट) किंवा त्याहून अधिक असल्यास भारतातील बालआजार व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ताप मानला जातो. 'मंद ताप' या संज्ञेची सर्वमान्य वरची मर्यादा नाही. व्यवहारात सुमारे १०१ अंश फॅरनहाइटपर्यंतच्या तापाला मंद म्हटले जाते.

निरोगी मुलाचे तापमानही दिवसभर एकसारखे नसते. पहाटे ते सर्वांत कमी असते व सायंकाळी सुमारे अर्ध्या अंशाने वाढते. धावपळ, जाड कपडे, उन्हाळ्यात तापलेले पत्र्याचे घर यांमुळेही अंग गरम लागते. कपाळाला किंवा पोटाला हात लावून केलेला अंदाज त्यामुळे पुरेसा ठरत नाही. काख कोरडी करून, तापमापीचे टोक काखेच्या मध्यभागी धरून व हात अंगाशी दाबून तापमान मोजतात. आंघोळ किंवा खेळ झाल्यावर सुमारे अर्धा तास थांबणे योग्य असते. सकाळ-संध्याकाळचे आकडे वेळेसह लिहून ठेवल्यास ताप कोणत्या वेळी चढतो, मध्ये किती तास अंग निवते आणि आज कितवा दिवस आहे हे डॉक्टरांना समजते.

कारणे

विषाणुसंसर्ग : सर्दी, खोकला, जुलाब यांसह येणारा ताप बहुधा तीन-चार दिवसांत उतरतो. या वयात वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे असामान्य नाही. लागोपाठ दोन संसर्ग झाल्यास एकच लांबलेला ताप असल्याचा भास होतो. मधले काही दिवस मूल तापाशिवाय राहून नेहमीप्रमाणे खेळले असल्यास हा उलगडा होतो.

लसीकरण : पेंटाव्हॅलेंट व त्रिगुणी लशीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. गोवर-रुबेला लशीनंतरचा सौम्य ताप साधारणतः पाच ते बारा दिवसांनी येतो.

मूत्रमार्गाचा संसर्ग : सर्दी-खोकला काहीही नसताना ताप टिकून राहिल्यास, विशेषतः मुलींमध्ये, लघवीची तपासणी आवश्यक असते. बोलू न शकणारे मूल लघवीची जळजळ सांगू शकत नाही. ते केवळ किरकिर करते किंवा जेवण टाळते.

विषमज्वर व हिवताप : दूषित पाणी व अन्नातून होणारा विषमज्वर लहान मुलांत सुरुवातीला सौम्य दिसू शकतो. हिवतापाचे निदान रक्ततपासणीनेच होते.

क्षयरोग : दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप किंवा खोकला, वजन न वाढणे किंवा घटणे, आणि घरात क्षयरुग्ण असणे ही संशयाची प्रमुख कारणे आहेत. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. जन्मतः दिलेली बीसीजी लस क्षयरोगाच्या गंभीर प्रकारांपासून बरेच संरक्षण देते, पण संसर्गाची शक्यता पूर्णपणे नाहीशी करत नाही.

दात येणे : 'दात येत आहेत, म्हणून ताप आहे' हा समज सर्वत्र आढळतो. दात येताना तापमानात किंचित वाढ होऊ शकते, परंतु ३८ अंश सेल्सियसच्या (१००.४ अंश फॅरनहाइट) वरचा ताप दातांमुळे येत नाही. पहिल्या दोन-अडीच वर्षांत मुलाला सतत कोणता ना कोणता दात येत असतो. त्यामुळे हे कारण नेहमीच हाताशी असते आणि त्यावर विसंबल्याने खऱ्या आजाराचे निदान लांबते.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे

ताप कितीही कमी असला तरी पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास मुलाला त्याच वेळी रुग्णालयात न्यावे लागते :

– मूल काहीच पीत नाही किंवा घेतलेले सर्व ओकून टाकते.
– झटके येतात.
– मूल ग्लानीत असते, हाक मारूनही नीट जागे होत नाही.
– श्वास वेगाने चालतो (एक ते पाच वर्षे वयात शांत असताना मिनिटाला ४० किंवा अधिक) अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो.
– मान ताठ होते, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके येतात किंवा कोठूनही रक्तस्राव होतो.
– सहा ते आठ तास लघवी होत नाही, डोळे खोल जातात.

ही लक्षणे नसल्यास दिवसांची गणना उपयोगी पडते. दोन वर्षांखालील मुलाचा ताप २४ तासांहून अधिक व त्याहून मोठ्या मुलाचा तीन दिवसांहून अधिक टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पाच दिवसांनंतर ताप असल्यास व डोळे, ओठ, जीभ लाल होणे, पुरळ, हातापायांना सूज अशी लक्षणे असल्यास कावासाकी आजाराचा विचार केला जातो. वेळेवर उपचार न झाल्यास या आजारात हृदयाच्या रोहिणींना इजा होऊ शकते. सात दिवस रोज ताप येत असल्यास तो मंद असला तरी रुग्णालयात सविस्तर तपासणी करावी लागते. ताप उतरून एक-दोन दिवसांनी पुन्हा चढणे हे कानाचा संसर्ग किंवा न्यूमोनिया यांसारख्या नव्या गुंतागुंतीचे चिन्ह असू शकते.

दोन बाबतींत तापमापीचा आकडा विशेष फसवा ठरतो. तीव्र कुपोषित मुलाला गंभीर संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. डेंग्यूमध्ये धोक्याचा काळ बहुधा ताप उतरल्यानंतर सुरू होतो. त्या वेळी पोटदुखी, वारंवार उलट्या किंवा सुस्ती आढळल्यास तातडीने उपचार लागतात. तीन महिन्यांखालील तान्ह्या बाळांना हे दिवसांचे निकष लागू नाहीत. त्यांना ताप आल्यास वाट न पाहता रुग्णालयात नेतात.

घरची काळजी

ताप हा स्वतः आजार नसून संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद आहे. मूल खेळत व पीत असल्यास प्रत्येक वेळी ताप उतरवण्याची गरज नसते. स्तनपान, पेज, वरणाचे पाणी, ताक यांसारखे द्रवपदार्थ थोडे थोडे द्यावेत. जुलाब असल्यास जलसंजीवनी द्यावी. जेवण बंद करू नये. पॅरासिटामॉलची मात्रा वयावरून नव्हे, तर वजनावरून ठरते : एका वेळी प्रतिकिलो १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर. बाजारातील सिरपची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून 'एक चमचा' हे माप धोक्याचे आहे. मुलांच्या तापासाठी ॲस्पिरिन देत नाहीत. डेंग्यूची शक्यता असल्यास आयबुप्रोफेनही टाळतात. मागच्या आजारातील उरलेले प्रतिजैविक दिल्यास ताप काही काळ दबतो, पण तपासण्यांचे निष्कर्ष अस्पष्ट होऊन मूळ आजार लपून राहतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

ग्रामीण भागात हा निर्णय प्रथम घरात, आई किंवा आजीच्या पातळीवर होतो. तेथे नेमके ज्ञान पोहोचवण्याचे महत्त्वाचे प्रयोग महाराष्ट्रात झाले. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यात गावातील स्त्रियांना, त्यांतील अनेकींना अक्षरओळख नसतानाही, आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावपातळीवरील कार्यकर्त्यांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास शिकवले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अहिल्यानगर जिल्ह्यातीलच हिवरे बाजार हे गाव पाणलोट विकासासाठी ओळखले जाते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत तेथे घरोघरी तपासणी करून लक्षणे असलेल्यांना लवकर शोधण्यात आले. ही मोहीम बालकांपुरती नव्हती. मात्र रुग्ण स्वतः दवाखान्यात येईपर्यंत न थांबता ताप घराच्या उंबरठ्यावरच नोंदवण्याचे तत्त्व तिच्यात दिसते.

आशा स्वयंसेविकेच्या लहान बालकांसाठी ठरलेल्या गृहभेटी पंधराव्या महिन्यापर्यंत असतात. त्यानंतर रेंगाळणाऱ्या तापाची दखल मुख्यतः कुटुंबालाच घ्यावी लागते. अंगणवाडीत दरमहा होणारी वजनाची नोंद त्या काळात विशेष उपयोगी ठरते. घरातील तापाचे टिपण आणि वजनाची ही नोंद एकत्र पाहिल्यास साधी सर्दी व दीर्घ आजार यांतील फरक लवकर लक्षात येतो. उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राथमिक तपासणी होते. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.