महापुराने राखलेली हाडे

माळावर मरून पडलेल्या बैलाचे पुढे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. घारी-गिधाडे व कोल्हीकुत्री मांस खातात आणि हाडे चहूकडे ओढून नेतात. उरल्यासुरल्या हाडांना उन्हाने तडे जातात, पावसाने त्यांचा भुगा होतो. थोड्याच वर्षांत तेथे बैल पडला होता याची खूणही राहत नाही. निसर्गाची सर्वसाधारण रीत ही अशी. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडे आज सापडावीत कशी?

प्राणहिता व गोदावरी यांच्या खोऱ्यात पोचमपल्ली नावाचे एक गाव आहे. (साड्यांकरिता प्रसिद्ध असलेले पोचमपल्ली ते निराळे.) कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना तेथे १९६१ च्या सुमारास एकाच जागी सुमारे ३०० हाडे मिळाली. ती किमान सहा प्रचंड, शाकाहारी डायनोसॉरांची होती. एकेक मांडीचे हाड सुमारे पावणेदोन मीटर लांब! म्हणून बंगालीतील ‘मोठा पाय’ या अर्थाच्या शब्दांवरून प्राण्याचे नाव बारापासॉरस ठेवण्यात आले. मराठी वाचकास त्यात बारा पाय दिसले तर नवल नाही. प्राणी मात्र चतुष्पादच होता. रवींद्रनाथ ठाकुरांची ती जन्मशताब्दी असल्याने १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय नावात त्यांचेही नाव गोवले गेले.

हाडांच्या जोडीला तेथे मोठमोठे वृक्षही दगड होऊन पडले होते. त्यावरून संशोधकांनी असे अनुमान केले की, अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी एखाद्या महापुरात हा कळप बुडाला असावा, आणि उन्मळलेल्या झाडांबरोबर वाहत येऊन येथे अडकला असावा. ज्या पुराने प्राण घेतले त्यानेच वर गाळ घालून हाडे झाकली. हे झाकणे त्वरित व्हावे लागते. गाळाखाली श्वापदे पोचत नाहीत, ऊन लागत नाही आणि वारा फारसा शिरत नाही, म्हणून नाश मंदावतो.

पुढचे काम पाण्याचे. हाड वरून भरीव दिसले तरी आत ते सच्छिद्र असते. त्यातील मऊ, सेंद्रिय भाग कुजून जातो, आणि जमिनीत झिरपणारे पाणी आपल्यात विरघळलेला चुना वा गारेचा अंश त्या रिकाम्या जागांत कणाकणाने सोडते. मूळ हाडातील क्षारही हळूहळू पालटतात. घागरीच्या आत पांढरा थर धरतो, तसाच हा प्रकार; मात्र येथे हाडाची घडण बहुधा जशीच्या तशी राहते. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ चकती धरली तर रक्तवाहिन्यांच्या वाटासुद्धा ओळखू येतात. वर थरांवर थर चढून गाळाचाही खडक बनतो. युगे लोटल्यावर नदी-नाले तो खडक झिजवतात, तेव्हा कोठे एखादे टोक उघडे पडते. त्या वेळी कोणाची दृष्टी गेली नाही, तर पुढील पावसाळ्यांत तेही फुटून जाते.

बारापासॉरसचा उभा केलेला सांगाडा त्या संस्थेच्या संग्रहालयात आहे. परंतु सहांपैकी एकाचीही कवटी मिळाली नाही. हाती आले ते काही दात. अशा प्राण्यांच्या कवटीची हाडे नाजूक आणि मानेशी जोड कच्चा, त्यामुळे धडाच्या आधीच डोके सुटून जाते. मांडीचे हाड टिकले, कवटी गेली.